चाळिसाव्या दिवसाचा कोट

लॉस एंजेलिसमध्ये पाऊस पडतो तो माझ्या सोयीनं. त्या दुपारी एकाच सरीनं दोन माणसं माझ्या शिंपीदुकानाच्या छपराखाली आणून उभी केली.

ती तरलान — काळ्या कपड्यांत, केसांतून पाणी निथळणारी. तो बर्दिया — पँट न्यायला आलेला दातांचा डॉक्टर. तिचा चेहरा बघून त्यानं घाईघाईनं एक विनोद सांगितला.

"शेवट आधीच सांगून टाकलात," ती म्हणाली. "दातही असेच उपटता?"

"तुम्हाला काय कळतं विनोदातलं?"

"पोट भरते त्यावर. म्हणजे... भरत होते."

तिचा स्टेजवरचा विनोदांचा अर्धा तास सगळा बाबांवर असायचा. तीस वर्षं इथं राहून इराणला परतायची भाषा करणारे बाबा. त्यांना जाऊन अठरा दिवस झाले होते. चाळिसाव्या दिवसानंतरचा शुक्रवार क्लबनं तिच्यासाठी राखून ठेवला होता. ती नाही म्हणणार होती.

"गेलेल्या बापावर लोकांना हसवू, अमूजान?" तिनं मला विचारलं. आम्हा इराण्यांत प्रत्येक वडीलधारा अमूजान, म्हणजे काकाच. "होते तेव्हा निदान भांडायचे तरी..."

त्यानंतर दर गुरुवारी बर्दियाची पँट कधी सैल, कधी घट्ट होऊ लागली. इतक्या झपाट्यानं माणूस जाड-बारीक होताना मी फक्त प्रेमातच पाहिलाय. आणि गुरुवारीच तरलानला माझ्याकडचा चहा आठवायचा.

"तुम्ही एकदाही मला हस म्हणाला नाहीत," ती एकदा म्हणाली.

"दात मी दिवसभर बघतो," तो कपात बघत म्हणाला. "इथं मी... तुमचा आवाज ऐकायला येतो."

तिनं साखरेचा खडा उगाचच दोनदा बुडवला.

चाळिसाव्या दिवशी कुणी वडीलधाऱ्यानं रंगीत कपडा नेऊन घरच्यांचं काळं उतरवायचं, ही आमची रीत. तिचा कुणी सख्खा काका इथं नव्हता, तेव्हा मान माझा. मी हिरवा कोट शिवला आणि ऐनवेळी गुडघा धरून बसलो. (याच गुडघ्यांवर मी अल्बोर्झ डोंगरावरून पियानो उतरवला होता, पण ते असो.) कोट न्यायला बर्दियाकडे दिला, अन् मागल्या दारानं त्याच्याआधी तरलानच्या स्वयंपाकघरात पोचलो.

"हे म्हाताऱ्यांचं काम," तरलानची आई कोट घेऊन आलेल्या बर्दियाला म्हणाली. "तू कोण रे?"

"शिंप्याचा... गुडघा."

कुणी हसलं नाही. तो तरलानकडे वळला. "नको असेल तर घालू नकोस. शुक्रवारी जाऊही नकोस. पण तुझ्या बाबांना मी पाहिलं नाही गं. मला ते कसे होते, ते सांग. तुझ्यावर जीव जडलाय माझा, आणि निम्मी तू त्यांचीच आहेस."

 ती उठली आणि स्टेजवर उभी राहते तशी उभी राहिली.

"तीस वर्षं बाबांनी या सोफ्याचं प्लास्टिक काढू दिलं नाही. म्हणायचे, परत जाताना विकायचाय. बाबा गेले..." आवाज फाटला. "सोफा मात्र नवाकोरा!"

 आणि आईच्या तोंडून हसू फुटलं. पदर नव्हता, म्हणून उशी तोंडावर धरून ती हसली, मग रडली, मग पुन्हा हसली.

"अस्सेच होते मेले," ती म्हणाली.

तरलाननं कोटाच्या एका बाहीत हात घातला. दुसरी बाही बर्दियानं धरली. तशीच तिनं क्लबला फोन लावला: "शुक्रवारी येते."

फोन ठेवून ती त्याला म्हणाली, "पुढच्या रांगेत बसू नकोस. तिथं माणसं भिडेखातर हसतात."

"मग कुठं बसू?"

"आईशेजारी. आता तुझी जागा तीच."