प्रमाणलेख

समुद्रतळावरच्या वरुणपूर वसाहतीतल्या हवेत हेलियम मिसळलेला होता, त्यामुळे तिथे कुणालाच नीट रागावता येत नसे. माणूस कितीही संतापला तरी आवाज बदकासारखा चिरकाच निघे. डॉ. शाल्मली टिपणीसने यावर उपाय शोधला होता. परीक्षण कक्षात कुणी भांडायला येणार असं दिसलं, की ती गळ्यावरचा स्वरसुधारक चालू करी.

आज तो आधीपासूनच चालू होता. तिची धाकटी बहीण तनुजा आत आली, आणि तिच्यामागून तिची तीन मुलं: बारा वर्षांचा नीरद, नऊ वर्षांची सावनी आणि सहा वर्षांचा चिंतन.

"बसा, श्रीमती दिघे," शाल्मली भारदस्त आवाजात म्हणाली.

"ताई, ते गळ्यातलं बंद कर. आणि बहीण आल्यावर उठून उभं राहायची पद्धत असते."

"तिघांना एकदम कशाला आणलंस? जत्रा आहे का इथे?"

"तिघांचं परीक्षण आजच हवंय. एकाच वेळी."

एवढ्यात चिंतनने टेबलावरची कात्री उचलली होती. त्या टेबलावर प्रत्येक वस्तूभोवती पांढऱ्या पट्टीने तिची जागा आखलेली होती. शाल्मलीने बसल्या जागेवरून हात लांबवून कात्री काढून घेतली आणि तिच्या चौकटीत ठेवली.

"नाव मात्र छान ठेवलंस, चिंतन," ती म्हणाली. "तनू, तुझ्या मुलांना आजार नाही. तुझ्या घरात शिस्त नाही."

नीरदने मान खाली घातली. समुद्राचं पाणी बाहेर अडवणारं दाबद्वार त्याने दोनदा अर्धवट लावलं होतं. तिसऱ्या चुकीला मुलाला वर, किनाऱ्यावर पाठवत; आणि लहान वयात एकदा वर गेलेलं शरीर वाढ पुरी होईपर्यंत पुन्हा हा दाब सोसू शकत नसे. म्हणजे आई इथे, मुलगा तिथे, कित्येक वर्षं. यातून एकच सुटका होती. जुन्या पुस्तकांत जिला एडीएचडी म्हणत, ती अवधान-अस्थिरता सिद्ध झाली, तर मुलाला औषध आणि दारापाशी आठवण करून देणारा द्वारसाथी मिळे, आणि आधीच्या चुका पुसल्या जात.

"नीरदचं परीक्षण मी गेल्या वर्षी केलंय," शाल्मली म्हणाली. "मेंदूच्या लहरींचा लेख अस्थिरतेच्या रेषेच्या खाली आला. विषय संपला."

"किती खाली?"

"खाली म्हणजे खाली."

"केसभर खाली. आणि ते का, ते तुलाही माहीत आहे." तनुजा दाबद्वारांची अभियंता होती, दार निकामी होण्याच्या शक्यता मोजण्यात तिचा दिवस जाई. "तुझं परीक्षणयंत्र नुसता लेख बघत नाही. त्यात कुलभार मिळवतं. रक्ताच्या नात्यात कुणाला अस्थिरता असेल तर आकडा वर जातो, नसल्याचा निर्णय असेल तर खाली. बरोबर?"

"बरोबर. ही गोष्ट घराण्यात चालत येते, म्हणून."

"आपल्या घराण्यात आधी कुणाचा निर्णय होता? तुझ्या सुहृदचा. 'अस्थिरता नाही.' त्याच्या नकाराने नीरदला खाली ओढलं. आता एकेक करून आणलं, तर दोघांचे नकार सावनीला ओढणार आणि तिघांचे मिळून चिंतनला. पहिलाच निर्णय चुकला असेल, तर पुढचे सगळे त्याच्याच मागे जाणार."

सुहृदचं नाव निघताच शाल्मलीच्या बोटांतलं पेन टेबलावर टकटक वाजू लागलं. तिचा मुलगा तीन वर्षांपूर्वी, अकराव्या वर्षी वर किनाऱ्यावर पाठवला गेला होता. त्याच्या नकारावर सही तिनेच केली होती.

"माझ्या मुलाला मी सवलत दिली नाही," ती म्हणाली. "तुझ्या मुलांना का देऊ?"

"सवलत नको. सहपरीक्षण कर. त्यात यंत्र जुने निर्णय बाजूला ठेवतं आणि नात्यातले सगळे मूळ लेख एकत्र मांडतं. पालकाने मागितलं तर नाही म्हणता येत नाही. नियम वाच."

"मला नियम शिकवतेस? आठवतंय ना, अभ्यासाला बसताना मी ओढणीने पाय खुर्चीला बांधून घ्यायचे? मलाही उठावंसं वाटायचं. सगळ्यांनाच वाटतं. तुझ्या मुलांचेही बांध!"

"आठवतंय. आई सगळ्यांना कौतुकाने सांगायची. मला तेव्हाही भीती वाटायची."

मनगटावरचा गजर वाजला. शाल्मलीने तो बंद केला. लगेच दुसरा वाजला. "टोप घाला," लेख टिपणारे तीन टोप मुलांपुढे सारत ती म्हणाली. "तिघांचे नकार एकदम देते. म्हणजे पुन्हा यायला नको."

परीक्षण साधं होतं. अंधाऱ्या पडद्यावर एक ठिपका सावकाश सरके. त्याच्याकडे बघत राहायचं. मध्येच कुठेतरी घंटा वाजे, मासा चमकून जाई. नीरद जीव एकवटून बघत होता आणि तरीही त्याची नजर सुटत होती. सावनी माशांना नावं देत बसली. चिंतन थोड्या वेळाने टोपासकट टेबलाखाली गेला.

पडद्यावर तीन लेख उमटले. प्रत्येक लेख एकटा रेषेच्या किंचित खाली होता. मग यंत्राने ते एकत्र मांडले. तीन भावंडांचे तीन लेख एकाच दिशेला झुकलेले असणं हा योगायोग असू शकत नव्हता. एकेकाने दुसऱ्याला आधार दिला आणि तिन्ही आकडे रेषेवर चढले.

"झालं," तनुजा म्हणाली. "सही कर."

पण यंत्र थांबलं नव्हतं. वाढलेला कुलभार ते पुढच्या नात्यांकडे नेत होतं. पडद्यावर वाक्य आलं: 'प्रमाणलेख देणाऱ्या व्यक्तीचा कुलभार मर्यादेबाहेर. प्रमाणलेख रद्द.'

"प्रमाणलेख कुणाचा आहे?" तनुजाने विचारलं.

विचारता विचारताच तिला उत्तर आठवलं. या दाबाखाली मेंदूचे लेख बदलतात, म्हणून किनाऱ्यावरचं माप इथे चालत नसे. वसाहत सुरू झाली तेव्हा स्वस्थ अवधानाचा नमुना म्हणून, सर्वांत शिस्तीची म्हणून, तिच्या बहिणीने स्वतःचाच लेख दिला होता.

"म्हणजे इथलं प्रत्येक मूल तुझ्याशी ताडून बघितलं," तनुजा सावकाश म्हणाली. "जे मूल जितकं तुझ्यासारखं, तितकं ते ठणठणीत."

यंत्राने आता वसाहतीतल्या सगळ्या प्रौढांच्या लेखांची सरासरी नवं माप म्हणून घेतली होती. तिन्ही भावंडांचे आकडे झपाट्याने रेषेच्या खूप वर गेले. त्यांच्याही वर एक आकडा आला: शाल्मली टिपणीस. आणि सगळ्यांत वर, जुन्या मूळ लेखावरून काढलेला: सुहृद टिपणीस, अस्थिरता तीव्र, उपचार तातडीने सुरू करावेत.

शाल्मली त्या ओळीकडे बघत राहिली. आईच्या मापाने मोजलेला मुलगा आईसारखाच निघाला होता. म्हणून त्याला काही झालेलं नाही असं ठरलं, आणि काही झालेलं नाही म्हणून शिक्षा झाली. "तो म्हणायचा," ती म्हणाली, "आई, मी दार लावायला विसरत नाही गं, दारापर्यंत पोचेपर्यंत मीच..." तिचा हात गळ्याशी गेला. स्वरसुधारक बंद झाला आणि उरलेले शब्द चिरक्या आवाजात आले. "मी म्हटलं, नाटकं करू नकोस."

तनुजाने तिन्ही मुलांच्या प्रमाणपत्रांची पाटी पुढे सरकवली. "आधी सही. मग रड."

"तनू, वर फोन लावायचाय मला."

"तिन्हींवर सही. तुझ्या हातून आणखी एक मूल वर जाऊ देणार नाही मी."

शाल्मलीने सह्या केल्या. तनुजाने पाटी छातीशी धरली, सावनीच्या डोक्यावरचा टोप काढला, नीरदला दाराकडे ढकललं. दार उघडतानाच तिने, ते मागे नीट लागावं म्हणून, त्याचा हात स्वतःच्या हातात धरला होता.

"आई, थांब," टेबलाखालून चिंतनचा आवाज आला. "मावशी उठतेय, पण तिला येता येत नाहीये. तिचा पाय पट्ट्याने खुर्चीला बांधलाय."

तनुजा दारातच थांबली. ती मागे वळली नाही. "पट्टा सोड तिचा," ती चिंतनला म्हणाली. "आणि चल लवकर."