किल्ली लपवणारी बहीण

औरेलियाबाईंनी इलिंकाच्या ऑफिसात येऊन आधी दार लावलं, मग कडी नीट बसली का ते पाहिलं, आणि मग खुर्चीवर बसल्या.

"मला खुनाची धमकी आली आहे," त्या म्हणाल्या. "आणि मी तिला दहापैकी सहा गुण दिलेत."

तुदोरकाका हसले. बाई पुन्हा वळून कडीकडे बघताहेत हे दिसलं, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. काका बंदरात टगबोटीवर मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यापासून ते इलिंका मोरारुची गाडी चालवायचे आणि तिच्या चौकशांत लुडबुड करायचे. इलिंका रसायनशास्त्र शिकलेली. प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तिनं खाजगी तपासाचा परवाना काढला होता. डॅन्यूबकाठच्या ब्राइला शहरात या धंद्यात पोट भरण्यापुरती भांडणं होती.

"नीट सांगा, बाई," इलिंका म्हणाली.

औरेलिया पेनेस्कु एकाहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षं त्यांनी शहरातल्या पोरांना शालान्त परीक्षेसाठी साहित्य शिकवलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावरही स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी चालूच होती. परीक्षेतला ठरलेला प्रश्न असा: नेमलेल्या कादंबरीतल्या दोन बहिणींचं नातं उलगडून दाखवा. दोघांचे स्वभाव लिहायचे, दोन प्रसंग द्यायचे, शेवट सांगायचा. पोरं बाईंची टिपणं पाठ करत आणि तशीच उतरवत.

"पंधरा दिवसांपूर्वी निबंधांच्या गठ्ठ्यात हा सापडला. नाव नाही. सुटी, मोठी, छापल्यासारखी अक्षरं. मी सवयीनं तपासत गेले आणि अर्ध्यावर कळलं, की यातल्या बहिणी कादंबरीतल्या नाहीत. मी आणि माझी धाकटी वेतुरिया आहोत."

इलिंकानं कागद मोठ्यानं वाचला.

"'दोघी बहिणी तिसऱ्या मजल्यावर राहतात. थोरली बोलते तेव्हा लोक लिहून घेतात. ती जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी समजावून सांगते. धाकटी पहाटे जागी असते. छताच्या भेगेकडे बघत ती घरातले आवाज मोजते आणि त्यांतले किती उरतील, असा विचार करते. कादंबरीतल्यासारखी इथेही धाकटी किल्ली लपवते. पहिला प्रसंग: पहाटे स्वयंपाकघरात गॅसचा वास.'"

समासात लाल शाईनं लिहिलं होतं: चूक. किल्ली थोरली लपवते. पुस्तक वाचा.

"त्यानंतर दोन दिवसांनी," औरेलियाबाई म्हणाल्या, "पहाटे मला वास आला. उठून गेले तर गॅसची तोटी उघडी आणि खिडक्या बंद. मी खिडक्या उघडल्या, वेतुरियाला गदगदा हलवलं. ती स्वयंपाकघरातल्या कोचावरच झोपते. खोली एकच आहे ना, तिथे माझी पुस्तकं असतात."

"आणि दुसरा निबंध?"

"या सोमवारी. शेवट बघ."

"'शेवटचा प्रसंग: परीक्षेनंतरचा रविवार, दुपार. किल्ली लपवणारी त्याच खोलीत सापडते. नातं संपतं.'" इलिंकानं मान वर केली. "कादंबरीत काय होतं?"

"एक बहीण घर सोडून निघालेली असते. दुसरी तिला अडवायला किल्ली लपवते आणि शेवटी बंद खोलीत मेलेली सापडते. मरते ती थोरली. थोरली म्हणजे मी." त्यांनी ओठ आवळले. "परीक्षा आज संपली. रविवार परवा आहे. सोमवारी मी मुलीकडे इटलीत, तोरिनोला जाणार, कायमची. पोलीस म्हणाले, एखाद्या नापास पोराचा चावटपणा असेल. मला दोन रात्री झोप नाही, पोरी."

"बहीणही येणार तोरिनोला?"

"तिथे जागा कुठे आहे? तिला काय, एकदाची शांतता मिळेल."

शनिवारी सकाळी इलिंका आणि काका फ्लॅटवर गेले. दाराचं कुलूप धड होतं, कुणी जबरदस्ती केल्याची खूण नव्हती. वेतुरिया टेबलाशी बसून चेरीच्या बिया काढत होती. सदुसष्ट वर्षांची, बारीक चणीची शिंपीण. तिनं दोघांपुढे वाडगा सरकवला.

"घ्या. ताईनं तुम्हाला खाऊ न घालताच बोलावलं असणार."

"तुम्ही हे निबंध वाचलेत?" इलिंकानं विचारलं.

"माझं शिक्षण आठवीपर्यंत. दोघींना शिकवण्याइतके पैसे घरात नव्हते, म्हणून एक शिवायला बसली." ती काकांकडे वळली. "बाकी तुम्ही फार खाताय हो. मुरंब्याला उरू द्या."

काकांनी हात मागे घेतला.

"तुम्हाला भीती वाटत नाही? तोटी उघडी होती तेव्हा तुम्ही इथेच झोपला होतात."

"माझी कुणाला अडचण असणार?" वेतुरिया म्हणाली आणि पुढची चेरी उचलली.

पहिल्या मजल्यावर सिल्विऊ राहायचा. बाईंचा जुना विद्यार्थी, आता स्वतः शिकवण्या घेणारा.

"बाई गेल्या की त्यांची सगळी पोरं तुमच्याकडे येणार," काका एकदम म्हणाले. इलिंकानं त्यांचा पाय दाबला.

"येतीलच. आत्ताही निम्मी येतात," सिल्विऊ शांतपणे म्हणाला. "धमकी द्यायची मला काय गरज?" त्यानं निबंध वाचला आणि किल्लीच्या ओळीशी अडखळला. "गंमत आहे. आमच्या वर्षी बाईंचं ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवस वेतुरियाबाईंनी टिपणं सांगितली. त्यांनी धाकटी सांगितलं, आम्ही धाकटी लिहिलं. माझे त्यात गुण गेले. त्या रागानं मी अख्खी कादंबरी वाचून काढली, म्हणून आज मास्तर झालो."

"कुणी त्यांना चूक दाखवली नाही?"

"मी दाखवली ना. बाई, पुस्तकात थोरली आहे, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, पुस्तकात काय आहे ते मला माहीत आहे. आणि पुढचं वाक्य सांगितलं."

शेवटी देलिया, बाईंच्या शिकवणीतली. अठरा वर्षांची, परीक्षा देऊन मोकळी झालेली, गाल फुगवून बसलेली. तिनं बाईंना जिन्यात शिव्या दिलेल्या शेजाऱ्यांनी ऐकल्या होत्या.

"दिल्या. सहा वेळा लिहायला लावलं त्यांनी मला. थोरली किल्ली लपवते, थोरली किल्ली लपवते. झोपेत विचारा, सांगेन." तिनं निबंधावर नजर टाकली. "हा मी लिहिलाय? मग मी यात धाकटी लिहीन होय? वेड लागलंय का मला?"

बाहेर पडताना काका म्हणाले, "माझं मत, तो मास्तर."

"काल तुमचं मत पोस्टमन होतं."

"पोस्टमन अजून आहेच. मी यादी वाढवतोय."

इलिंका हसली नाही. तिला काहीतरी खुपत होतं, पण सापडत नव्हतं. बाईंना उद्या घरात ठेवायचं नाही, एवढं तिनं ठरवलं.

रविवारी सकाळी काकांनी बाईंना गाडीत बसवलं, आणि तिघं फेरीबोटीनं डॅन्यूब ओलांडून पलीकडच्या गावात बाईंच्या चुलतबहिणीकडे गेले. नदीवर पूल व्हायच्या आधीचे दिवस होते ते. वेतुरिया घरीच थांबली. तिला कुणी धमकावलं नव्हतं.

अंगणात तुतीच्या झाडाखाली बाई पाठ भिंतीला टेकवून बसल्या. फाटक वाजलं की त्या दचकत. चुलतबहिणीनं आणलेलं सूप तसंच गार झालं. इलिंका कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचत होती. बाराला दहा कमी असताना तिनं पुस्तक मिटलं, निबंध काढला, पुन्हा पुस्तक उघडलं.

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला काकांना दिसला.

"काय झालं, पोरी?"

"गाडी काढा. आपण चुकीच्या बहिणीला घेऊन आलोय."

फ्लॅटचा फोन वाजत राहिला. कुणी उचलला नाही. गाडी धक्क्याकडे निघाली तेव्हा इलिंकानं एकशेबारा या मदतीच्या नंबरवर कळवलं आणि मग सिल्विऊचा नंबर लावला.

"त्याला?" काका स्टिअरिंगवरून ओरडलेच. "अगं, संशयित आहे तो."

"तो दोन मजले खाली आहे आणि अँब्युलन्सला पंधरा मिनिटं लागतील. सिल्विऊ, वर जा. वेतुरियाबाईंचं दार वाजवा. गॅसचा वास आला तर दिवा लावू नका, बेल दाबू नका, थेट दार फोडा. दार उघडत नसतील तर त्यांना बोलत ठेवा. फोन चालू ठेवा."

धक्क्यावर फेरी उभी होती आणि एका ट्रकची वाट बघत होती. काका उतरून चालकाच्या केबिनखाली गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण फळी वर ओढली गेली आणि फेरी निघाली. पाणी संथ होतं आणि पलीकडची पोपलरची झाडं जागची हलत नव्हती.

"मला समजावून सांग," औरेलियाबाई म्हणाल्या. आवाज मास्तरणीचा होता, पण त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "धमकी मला होती."

"धमकी नव्हतीच, बाई. तुम्ही तसं वाचलंत, मग आम्हीही तसंच वाचलं. मुख्य पात्र तुम्ही, हे सगळ्यांनी धरून चाललं."

"शेवटात स्पष्ट लिहिलंय. किल्ली लपवणारी."

"आणि या निबंधात किल्ली धाकटी लपवते. तुम्ही ते चूक म्हणून खोडलंत आणि पुढे मनातल्या मनात दुरुस्त करून वाचलंत. मीही दोन दिवस तेच करत होते. न खोडता वाचा. त्या खोलीत धाकटी सापडणार आहे."



"मग तिला मारणार कोण?" काकांनी विचारलं.

"हे लिहिलं कोणी, त्यावर ते ठरतं. देलियाच्या हातात थोरली घोटून बसवली आहे. सिल्विऊनं त्या एका ओळीपायी गुण घालवले आणि पुस्तक वाचलं. दोघंही ही ओळ अशी लिहिणार नाहीत. धाकटी म्हणणारं या शहरात एकच माणूस आहे. तिला पुस्तक ठाऊक होतं, तसं तिनं वर्गात सांगितलंही. तरी ती धाकटीच म्हणत राहिली. कारण जाणाऱ्या बहिणीला धरून ठेवावंसं वाटतं ते तिला. तिचा पेपर कधी कुणी तपासला नाही, म्हणून तिची चूकही कुणी खोडली नाही."

"वेतुरिया असलं लिहूच शकत नाही. ती वाणसामानाची यादी लिहिते."

"चाळीस वर्षं टेबलाशेजारी ऐकलंय तिनं. आता निबंधातले स्वभाव बघा. थोरली बाहेरून दिसते. बोलते, समजावते, लोक लिहून घेतात. मनात एकदाही शिरलेलं नाही. धाकटीच्या मात्र पहाटेच्या विचारांत लेखक बसलाय. छताची ती भेग कुठे आहे, बाई? मी काल पाहिली. स्वयंपाकघरात, बरोबर त्या कोचाच्या वर."

बाईंचा एक हात कठड्यावरून सुटला.

"आणि वास," त्या हळू म्हणाल्या.

"हो. तोटी स्वयंपाकघरातली. तुमच्या आणि तिच्या मध्ये भिंत आणि दार होतं. तुम्हाला मारायचं असतं तर तोटीच्या सगळ्यात जवळ ती स्वतः झोपली नसती. त्या पहाटे तुम्ही स्वतःला नाही, तिला वाचवलंत."

"मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं. तुम्ही रोज जो गठ्ठा वाचता, त्यातच नेऊन ठेवलं. दोनदा."

फोनमधून खडखड ऐकू आली. इलिंकानं तो कानाला लावला. काका आणि बाई तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"वास आहे, थोडासा," सिल्विऊ धापा टाकत होता. "आतून बोलतायत. म्हणतात, जा, तुझं जेवण गार होईल."

"तोटी बंद करून खिडकी उघडायला सांगा. दार फोडा."

"बाई, सरका," सिल्विऊ तिकडे ओरडला, आणि मग लाकूड फुटल्याचा आवाज आला. नंतर बराच वेळ काहीच नाही. फेरीचं इंजिन तेवढं धडधडत होतं. औरेलियाबाईंचे ओठ हलत होते. बहुधा प्रार्थना, पण शब्द विसरल्यासारख्या त्या पुन्हा पुन्हा सुरुवातीला येत होत्या.

"मिळाल्या," सिल्विऊ म्हणाला. "चालतायत. खाली नेतोय. खोकतायत आणि मला दाराबद्दल रागावतायत."

काकांनी टोपी काढून तोंड पुसलं.

ते पोहोचले तेव्हा इमारतीसमोर अँब्युलन्स उभी होती. वेतुरिया बाकावर बसली होती. अंगावर निळा चांगला झगा, खांद्यावर अँब्युलन्सचं घोंगडं, पाय अनवाणी. औरेलियाबाई गाडी थांबायच्या आत उतरल्या, पण बाकापाशी आल्यावर त्यांना पुढे काय करायचं ते सुचेना. त्या शेजारी बसल्या.

"मला मरायची भीती नव्हती वाटत," वेतुरिया समोर बघत म्हणाली. "मंगळवारची वाटत होती."

"मंगळवारची?"

"सोमवार तुझ्या धावपळीत गेला असता. डबे बांधायचे, स्टेशनावर यायचं. मंगळवारी सकाळी उठून मी काय केलं असतं, ताई?"

 अँब्युलन्सवाला दोन पावलं पुढे आला होता, तो तिथेच थांबला.

"मला माहीत नाही गं," त्या म्हणाल्या. त्यांनी बहिणीचा गार हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. "मंगळवारी उठू, आणि बघू. दोघी."

वेतुरियानं हात काढून घेतला नाही.