ढब्बूच्या खोट्या उलट्या

दवाखान्याच्या दारातच धडक झाली. माझ्या हातात कपड्यांची टोपली, टोपलीत माझा बोका ढब्बू आणि ढब्बूच्या पोटात आईनं लाडानं पाजलेलं दूध. ते दूध समोरच्या माणसाच्या बुटांवर आलं!

"अय्या, सॉरी हं... मला जनावरांच्या डॉक्टरांना भेटायचंय."

"भेटले की!" बूट झटकत तो हसला. "आता आत या."

हसताना त्याच्या गालाला खळी पडली. दिवसभर बारीक शिवण घालणारी मी, पण आत जाताना टोपली चौकटीवर आपटलीच.

त्यानं पथ्य सांगितलं. दूध बंद. उकडलेलं, बिनमिठाचं चिकन, थोडं थोडं, दिवसातून चारदा. पोट सावरलं की त्यात हळूहळू नेहमीचं खाणं मिसळायचं. खाल्लेलं, ओकलेलं, सगळं वहीत लिहायचं आणि दर आठवड्याला दाखवायचं.

"दूध बंद?" आई कडाडली. "मांजर आहे की संन्यासी?"

पण चौथ्या आठवड्यात ढब्बू ठणठणीत झाला आणि मीच हिरमुसले. आता दवाखान्यात कुठल्या निमित्तानं जायचं? मी वहीत ठोकून दिलं – मंगळवार, दोन उलट्या. धादांत खोटं!

ढब्बूचं वजन करून डॉक्टरनं वही वाचली. कपाळाला आठ्या पडल्या. "मग... रक्त तपासावं लागेल."

त्यानं सुई उचलली. ढब्बू बिचारा माझ्या हाताला डोकं घासत होता.

"थांबा! त्याला काही झालेलं नाही. उलट्या मी... म्हणजे मी नुसत्या लिहिल्या! तो बरा झाला तर मला इथं यायला कसं मिळणार?"

बोलून गेले आणि वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

त्याचे कान लाल झाले. "पाव किलोनं वाढलाय तो. आजारी मांजर वाढतं होय? मला शंका आलीच होती."

"मग ती सुई?"

"खरं विचारायचा धीर होईना... हातात काहीतरी हवं होतं." त्यानं सुई खाली ठेवली. "आणि दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या उलट्या थांबल्या, तेव्हाच तुमचं येणं थांबवायला हवं होतं. मीच 'पुढच्या आठवड्यात या' म्हणत राहिलो."

"अस्सं! म्हणजे दोघंही चोर?"

"रविवारी भेटाल? ढब्बूला न आणता?"

मी इतक्या जोरात "हो!" म्हणाले, की बाहेर ताटकळलेले दोन कुत्रे भुंकायलाच लागले.