मुठीच्या तांदळाची चोरी

"मीठ आणलंस?"

"आणलं."

"मिरच्या?"

"आणल्या."

"आणि मासे?"

"मासे ओढ्यात आहेत! तेही मीच घरून आणायचे का?" झुआला करवादला.

मुआनी खो खो हसली. नाताळची सुट्टी लागली होती आणि ओढ्याकाठी बांबूच्या नळकांड्यात भात शिजवायचा बेत तिचाच होता. झुआला तिचा चुलतभाऊ. तिच्याहून वर्षानं लहान, पण खाण्यात तिच्या चार वर्षं पुढे! बेतातला तिसरा वाटा सियामीचा. ती मुआनीच्या वर्गातली. समोरच्या डोंगरावर चर्चचं वसतिगृह होतं, तिथं ती राहायची. बाकीची बरीच मुलं नाताळला घरी गेली होती, पण सियामीचं गाव फार लांब, नदीपलीकडे. भाताचे तांदूळ आणायचं काम तिच्याकडे होतं.

सियामीनं पुरचुंडी सोडली आणि झुआला एकदम मागे सरकला.

"अगं आई गं! हे तांदूळ आहेत की किड्यांचं वसतिगृह?"

दाण्यांतून काळे सोंडे तुरुतुरु पळत होते. वासही कुबट होता.

"आम्हाला हेच येतात," सियामी खाली मान घालून म्हणाली. "गेला पावसाळा सरल्यापासून."

"काहीतरीच! वसतिगृहाला तर मुठीचे तांदूळ येतात ना?" मुआनी म्हणाली.

मुठीचे तांदूळ ठाऊक नाहीत असं पोर अख्ख्या सियालत्लांग गावात सापडायचं नाही. चुलीवरच्या भांड्यात तांदूळ टाकण्याआधी घरची बाई त्यातली एक मूठ शेजारच्या मडक्यात टाकते. ती देवाची मूठ. शनिवारी मुली घरोघर जाऊन मडकी आपल्या पाठीवरच्या टोपल्यांत रिकामी करतात, चर्चमध्ये त्याची पोती भरतात आणि ती पोती वसतिगृहात जातात. ज्यांच्या घरी शाळेपुरतीही ऐपत नाही अशी लांबच्या खेड्यांतली मुलं तिथं राहून शिकतात ती या मुठींच्या जोरावर.

"यापुढे तेही यायचे नाहीत," सियामी म्हणाली. "नाताळ झाला की वसतिगृह बंद होणार."

"काय?" दोघं एकदम ओरडली.

"हे खाऊन मुलांची पोटं बिघडली. काहींचे आईबाप त्यांना कायमचे घेऊन गेले. उपा छुंगा म्हणाले, गावच्या बायकांची मनं आटली आहेत, देवाच्या वाट्यालाही किडका दाणा घालतात. असलं अन्न खाऊ घालण्यापेक्षा मुलांना घरी पाठवलेलं बरं. रविवारी सभेत ठरवणार आहेत."

उपा छुंगा म्हणजे चर्चचे ज्येष्ठ पंच. वसतिगृहाचा कारभार त्यांच्याकडे. त्यांचा शब्द गावात कुणी खाली पडू द्यायचं नाही.

"मग तू?" झुआलानं विचारलं.

"मी शेतावर जाईन. आमच्या गावात शाळाच नाही." सियामी हे अगदी साधेपणानं म्हणाली. वर्गात गणितं सोडवताना हिच्या वहीत डोकावल्याशिवाय मुआनीचं पान हलत नसे!

आणि मग तिला राग आला. "माझी आई देवाला किडके दाणे घालते? माझी आई?" तिनं तांदूळ तळहातावर घेतले आणि नाकाशी नेले. मग ती बघतच राहिली. सगळे दाणे पांढरे, बारीक, एकसारखे.

"झुआला, मासे राहू देत. घरी चल!"

"आणि भात?"

"हा भात तू खाणार आहेस?"

झुआला मुकाट्यानं उठला.

मुआनीची आई चुलीपुढे सुपात तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकल्यावर तिनं सूप खाली आपटलं.

"काय म्हणाला तो छुंगा? आमची मनं आटली? अरे, ताप अंगात असला तरी मी मूठ चुकवलेली नाही! स्वतःला कमी घेईन, पण देवाचं मडकं रिकामं ठेवणार नाही. आणि हा माणूस..."

"आई, थांब ना! आपले तांदूळ लाल आहेत."

"मग? डोंगरातलं नवं पीक आहे ते. लालच असणार."

"झुआलाकडे?"

"चिकट," झुआला म्हणाला. "काळपट. त्याचे नाताळचे उंडे काय होतात म्हणून सांगू!"

"नको सांगूस. आणि खालच्या आळीत?"

"जाडे, पांढरे. कुणाकडे रेशनचे," आई म्हणाली. मग तिचा हात हवेतच थांबला. "अगं बाई! मुठीच्या पोत्यात हे सगळेच मिसळलेले असायला हवेत!"

"आणि सियामीकडचे सगळे एका रंगाचे! म्हणजे आपले तांदूळ तिथं पोचतच नाहीत!"

वसतिगृहाच्या बाई शहरातून नव्या आलेल्या, त्यांना ही तऱ्हा ठाऊक नव्हती. आणि उपा छुंगा? त्यांची नि तांदळाची ओळख भात होऊन ताटात पडल्यावरची.

"आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू या!" झुआला म्हणाला.

आईनं मान हलवली. "मी सांगितलं तर म्हणतील, बायका आपली चूक झाकतात. पोतं कुठं बदलतं ते दाखवायला हवं. चर्चमधून पोती पू दाइलोवाच्या गाडीतून जातात."

"पू दाइलोवा?" मुआनीचा विश्वास बसेना. 'पू' हा गावात मोठ्या माणसाच्या नावाआधी लावायचा मान, आणि दाइलोवा म्हणजे तिठ्यावरचे दुकानदार. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारे. "देवाचं काम" म्हणून आपली पिकअप गाडी फुकट देणारे. यंदाच्या नाताळच्या मेजवानीला डुक्करही त्यांच्याकडूनच येणार होतं.

"कालपर्यंत मीही असंच तोंड वासलं असतं," आई म्हणाली. "उद्या शनिवार आहे. डोळे उघडे ठेवा आणि तोंडं बंद. विशेषतः तू, झुआला."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोती गाडीत चढली. उपा छुंगांनी दाइलोवांचा हात हातात घेतला. "तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय बाबा!" एकाही पोत्याचं तोंड सोडून बघावं असं काही त्यांच्या मनात आलं नाही. गाडी निघाली.

गाडीचा रस्ता डोंगराला वळसे घालत जातो. पायवाट मात्र नाकासमोर खाली उतरते. मुआनी, सियामी आणि झुआला त्या वाटेनं घसरत, धडपडत, झुडपांना धरत धावली. प्रत्येक वळणावर गाडी दिसायची. शेवटच्या वळणावर दिसलीच नाही!

"गोदामाकडे वळली!" सियामी कुजबुजली.

दाइलोवांचं गोदाम उतारावर होतं. पुढची बाजू रस्त्याला टेकलेली, मागची उंच खांबांवर, आणि खाली डुकरांचा गोठा. तिघं वाकून गोठ्यात शिरली. डोक्यावर बांबूच्या कामट्यांची जमीन, तिच्या फटींतून सगळं दिसत होतं. धप्प! धप्प! गाडीतली पोती आत आली.

"ही कोपऱ्यात ठेव," दाइलोवांचा आवाज आला. "आणि ती जुनी गाडीत चढव. हळू रे, भुगा उडतोय!"

उडालेला भुगा फटींतून थेट झुआलाच्या नाकात गेला. त्यानं नाक दाबलं, गाल फुगवले, डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही.

"आँक्-छी!"

वरची धपधप थांबली.

"कोण आहे रे खाली?"

सियामीनं मुआनीचा हात गच्च धरला. आणि झुआला? तो चार पायांवर झाला आणि ओरडला, "ङ्रॉंक! ङ्रॉंक-ङ्रॉंक!" खरी डुकरंही दचकून त्याला साथ देऊ लागली!

"डुकरं आहेत मालक," गड्याचा आवाज आला. "भुकेली दिसतात."

"मग घाल त्यांना!"

कोपऱ्यातली झडप उघडली आणि आंबोणाची अख्खी बादली झुआलाच्या डोक्यावर रिकामी झाली. भोपळ्याची सालं कानांवर, शिळी पेज मानेतून आत! पण वीर हलला नाही. उलट आणखी एकदा बारीक आवाजात म्हणाला, "ङ्रॉंक." जणू पोट भरल्याची पोच!

सियामीनं हसू दाबायला स्वतःचा हात चावला.

वरचं दार बंद झालं, कुलूप लागलं, गाडी किडकी पोती घेऊन वसतिगृहाकडे गेली. मुआनीनं बांबूचा टोकदार तुकडा घेतला आणि फटीतून वरच्या पोत्यात खुपसला. सर्रकन तांदळाची धार तिच्या ओच्यात पडू लागली. लाल, पांढरे, जाडे, बारीक, काळपट चिकट... अख्खं गाव त्या ओच्यात उतरलं होतं!

"आता हाक मारू या सगळ्यांना!" सियामी म्हणाली. "नाहीतर दाइलोवा पोती शहरात विकून टाकतील!"

"सोमवारपर्यंत नाही विकत," मुआनीचे डोळे चमकले. "आता संध्याकाळ होत आली. उद्या रविवार! रविवारी गाडी हलवली तर अख्खं गाव विचारेल, कुठं निघालात म्हणून. पहिल्या बाकावरच्या माणसाला ते कसं चालेल? पोती इथंच राहणार. सभेत सगळ्यांसमोरच दाखवू!"

"चालेल," झुआला कानातलं साल काढत म्हणाला. "पण आधी आंघोळ."

रविवारी प्रार्थना झाल्यावर उपा छुंगा उभे राहिले. चर्च गच्च भरलं होतं. वसतिगृहातली राहिलेली मुलं भिंतीशी बसली होती.

"फार जड मनानं सांगतो," ते म्हणाले. "आपल्या मुठींत आता माया राहिली नाही. म्हणून वसतिगृह..."

"थांबा!"

सगळ्या माना वळल्या. मोठ्यांच्या सभेत पोरांनी तोंड उघडायचं नसतं, हे मुआनीला चांगलं माहीत होतं. तरी ती मधल्या वाटेनं चालत पुढे गेली. तिच्या हातात एक सूप, सियामीच्या हातात दुसरं.

"उपा, हे वसतिगृहातले तांदूळ. आणि हे मुठीचे. बघा ना!"

"अगं, तांदूळ ते तांदूळ..."

"तुम्हाला नाही कळायचं! बायकांना बघू द्या!"

चर्चमध्ये 'हाऽऽ' असा आवाज उमटला. पण बायका पुढे सरकल्याच. पहिल्या सुपाला त्यांनी नाकं मुरडली. दुसऱ्याभोवती मात्र एकच गलका!

"हा माझा लाल!"

"हे आमचे चिकट! दुसऱ्या कुणाकडे आहेत का सांगा!"

"आणि हा जाडा आमच्या आळीचा. कुठं मिळाले गं तुला?"

"पू दाइलोवांच्या गोदामात," मुआनी म्हणाली.

पहिल्या बाकावर दाइलोवा ताडकन उठले. "खोटं! पोरांनी घराघरांतून तांदूळ मागून आणले असतील. पोरांचं काय ऐकता?"

"मग गोदाम उघडा!" मुआनी ओरडली.

"आज?" दाइलोवांनी दोन्ही हात वर केले. "आज प्रभूचा दिवस! आज धंद्याचं कुलूप उघडू? माझ्याकडून हे पाप व्हायचं नाही. उद्या उघडतो."

उपा छुंगांनी मान डोलावली. "म्हणतोय ते बरोबर आहे. रविवारी..."

मुआनी रडायच्या बेतात आली. उद्या? उद्या पहाटेच पोती शहराच्या वाटेला लागतील! तेवढ्यात मागून सियामीचा आवाज आला. वर्गातही कधी वर न चढणारा तो आवाज!

"उपा, रविवारच्या शाळेत तुम्हीच शिकवलंत. विश्रांतीच्या दिवशी कुणाचा बैल विहिरीत पडला तर त्याला वर काढायला प्रभूची हरकत नाही. आम्ही सगळी मुलं विहिरीत पडलोय, उपा. आम्हाला उद्यापर्यंत ठेवणार?"

उपा छुंगांनी त्या मुलीकडे बघितलं, मग भिंतीशी बसलेल्या मुलांकडे, मग दाइलोवांकडे. त्यांचा चेहरा लाल झाला.

"किल्ली आण, दाइलोवा."

"पण उपा..."

"किल्ली!"

अख्खं गाव रविवारच्या ठेवणीतल्या कपड्यांत डोंगर उतरलं. कुलूप उघडलं, दार उघडलं. कोपऱ्यात पोत्यांची रास होती आणि एका पोत्याच्या बुडाला मुआनीनं पाडलेलं भोक होतं. मुआनीच्या आईनं वरचं पोतं सोडलं, ओंजळ भरून घेतली आणि उपा छुंगांपुढे धरली.

उपा छुंगांनी डोक्यावरची टोपी काढली.

"मुआनीच्या आई, आणि तुम्ही सगळ्या," ते म्हणाले. "तुम्ही पोटाला चिमटा घेतलात आणि मी तुम्हालाच बोल लावला. एकदा पोतं सोडून बघितलं असतं तर! मला क्षमा करा." मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ घेतलं. "आम्ही मोठे डोळे मिटून प्रार्थना करत बसलो. बरं झालं, तुम्ही ते उघडे ठेवलेत. वसतिगृह बंद होणार नाही. ऐकलंत का रे? बंद होणार नाही!"

वसतिगृहातल्या मुलांनी जो आरडाओरडा केला त्यानं खालची डुकरंही ओरडू लागली. "माझे भाऊबंद!" झुआला म्हणाला, आणि कुणाला हसू आवरेना.

पू दाइलोवांचा पहिला बाक गेला. चोरलेल्या मुठी त्यांनी नव्या पिकातून भरून द्यायच्या असं पंचांनी ठरवलं. पण खरी शिक्षा बायकांनी सुचवली. दर शनिवारी मुठीचे तांदूळ त्यांनीच पोचवायचे, गाडीतून नाही, टोपलीतून, स्वतःच्या पाठीवर!

सुट्टी संपली, शाळा सुरू झाली. पहिल्याच शनिवारी घामाघूम झालेले पू दाइलोवा कपाळाला टोपलीचा पट्टा लावून, धापा टाकत डोंगर चढून आले. वसतिगृहाच्या दारात सियामी उभी होती, हातात गणिताची वही, कमरेला सूप.

"या, पू दाइलोवा," ती अदबीनं म्हणाली. "जरा टोपली उतरवा. सगळे रंग आहेत ना, ते बघते आणि मगच आत घेते!"