बोटभर अंतरावर साखर

माणगंगा नवनगरच्या कीटकवर्तन संशोधनशाळेत त्या आठवड्यात एकशे बारा गांधीलमाशा उपाशी मेल्या, आणि साखरेचं पाणी त्यांच्यापासून बोटभर अंतरावर होतं.

“मॅडम, जरा इकडं येऊन बघा,” हणमंतराव येडगे म्हणाले. डॉ. हेमांगी पोतनीस उठून काचपेटीपाशी गेली.

हणमंतराव गेली तीस वर्षं संशोधनशाळेतली पोळी सांभाळत होते. त्यांना आजवर इतक्या माशा चावल्या होत्या, की आता चावणारी माशीच मनातून पस्तावत असावी. ते रोज सायकलवरून डोंगरापलीकडच्या आपल्या वाडीतून येत आणि अंधार पडायच्या आत परत जात.

पेटीच्या छताला करड्या कागदासारखं पोळं लटकत होतं. खाली मेलेल्या माशांचा सडा होता. वर तेरा माशा अजून जिवंत होत्या, पण एकही हलत नव्हती. हणमंतरावांनी रंगाचा कुंचला आत घातला आणि एकीला मागून हलकेच ढकललं. माशी चालू लागली. कुंचला थांबला, माशी थांबली. पुन्हा ढकललं तशी ती वाटीपर्यंत गेली, तोंड पाण्याला लागलं आणि अधाशासारखी पीत सुटली.

“पाय धड, पंख धड, भूक तर वखवखल्यागत,” हणमंतराव म्हणाले. “फकस्त आपणहून उठत न्हाई. तुम्ही म्हणता, ‘निवांत’ मारलं की माशा शांत होत्यात. ह्या शांत न्हाईत मॅडम. ह्यांना सुरुवातच करता येईना झालीय.”

‘निवांत’ म्हणजे नवनगरचा अभिमान. हे शहर वसवताना प्रत्येक घराला बाग सक्तीची केली होती. बागेत अळ्या आल्या, अळ्यांमागून गांधीलमाशा आल्या, आणि बघता बघता कपडे वाळत घालायच्या नळीत, पाण्याच्या मीटरच्या डब्यात, झोपाळ्याच्या कडीला, जिथे तिथे पोळी लोंबू लागली. सुरुवातीला लोक काठीला चिंध्या बांधून पोळी जाळत. त्यात दोन स्वयंपाकघरं जळाली. मग संशोधनशाळेचे संचालक डॉ. अच्युत होनप यांनी निवांत शोधलं. मागच्या दारी एक छोटा स्वयंफवारक बसवायचा. दर सहा दिवसांनी तो आपोआप बारीक तुषार सोडणार, की पोळ्यातली एकही माशी अंगावर येत नाही. काही दिवसांनी पोळं ओस पडे. माशा निघून गेल्या, असंच लोक समजत.

तीन प्रभागांत दोन वर्षं हे चाललं होतं. उद्यापासून चाळीस हजार घरांत आणि झाडून साऱ्या बालवाड्यांत फवारक सक्तीचा होणार होता. नगरपरिषदेकडे हरकत नोंदवायची मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत होती.

“माझी बहीण तिसऱ्या प्रभागात राहती,” हणमंतराव आवाज खाली आणून म्हणाले. “दाजी आमचे लई भांडखोर. शेजाऱ्याच्या आंब्याचं पान अंगणात पडलं तरी उभा दावा मांडणार. परवा गेलो तर खुर्चीत बसलेले. पुढ्यात चहा, त्यावर साय धरलेली. बहीण म्हणाली, ‘प्या की.’ तेव्हा प्यायले. ती म्हणती, माणूस निवांत झालाय. मला न्हाई तसं वाटत.”

बालवाडीतली मुलं हेमांगीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

“हरकतीचं पत्र लिवा मॅडम. आत्ताच्या आत्ता. आमचं कोण ऐकतंय?”

तिने तासाभरात पत्र लिहिलं. आकडे, छायाचित्रं, निरीक्षणं, सगळं चोख. तिच्या हातून इतकं नेमकं लिखाण फार दिवसांत झालं नव्हतं. हणमंतरावांनी चष्मा लावून ते वाचलं आणि मान डोलावली.

“झ्याक झालंय. पण धाडायच्या आधी सरांच्या कानावर घाला. त्यांच्या डोक्यावरनं गेलो असं नको व्हायला. आणि त्याआधी डबा खाऊन घ्या, दोन वाजले.”

संशोधनशाळेची ती रीतच होती. साधा चिमटा मागवायचा असला तरी आधी सरांच्या कानावर घालायचं. एवढी रीत त्या दिवशी पाळली नसती तर बरं झालं असतं. हेमांगीने डबा खाल्ला आणि पत्राची छापील प्रत घेऊन ती सरांच्या खोलीकडे गेली.

होनपसर म्हणजे तिच्यासाठी नुसते वरिष्ठ नव्हते. उघड्या हाताने माशी कशी धरायची हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. तिचे वडील गेले तेव्हा रुग्णालयात सख्ख्या भावासारखे उभे राहिले होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या मागच्या दारी कढीपत्त्याच्या झाडावर पोळं झालं आणि तिला ते जाळवेना, तर सर स्वतः शिडी घेऊन आले. गावातला पहिला फवारक त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्या चौकटीला बसवला. हे ती येईल जाईल त्याला कौतुकाने सांगत असे.

सरांनी पत्र सावकाश वाचलं.

“उत्तम लिहिलंयस. बस. वेसणमाशी आठवते तुला?”

“झुरळाची शिकार करते ती.”

“मारत मात्र नाही. त्याच्या मेंदूत नेमक्या ठिकाणी नांगी टोचते. झुरळ लुळं पडत नाही. चालेल, उलटं पडलं तर सुलटं होईल. फक्त आपणहून पाऊल उचलत नाही. त्याची आरंभप्रेरणा जाते. मग माशी त्याची मिशी धरते आणि बैलाला वेसणीला धरून न्यावं तसं बिळात नेते.”

“आणि त्याच्यावर अंडं घालते. अळी त्याला जिवंतपणी खाते.”

“हो. पण अळी झालीच नाही, तर आठवडाभरात झुरळ पूर्ववत होतं. ते विष कायमचं नसतं.”

“म्हणून सहा दिवसांनी फवारा,” हेमांगी हळूच म्हणाली.

“म्हणून सहा दिवसांनी फवारा. निवांत हा त्याच विषाचा आम्ही घडवलेला आरंभरोधक आहे.” सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “विचार, काय विचारायचं असेल ते.”

“माणसांवरही परिणाम होतो, हे तुम्हाला माहीत होतं?”

“सुरुवातीला नव्हतं.”

“मग कधी कळलं?”

“तू गेली नाहीस, तेव्हा.”

हेमांगीला क्षणभर काही उमजलं नाही. मग एकदम सगळं उमजलं.

दोन वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेने तिला स्वतःची प्रयोगशाळा देऊ केली होती. तिचं जायचं ठरलं होतं. दोन पेट्या भरून दाराआड ठेवल्या होत्या. फक्त होकाराचं पत्र पाठवायचं बाकी होतं. आज पाठवू, उद्या पाठवू म्हणता म्हणता तारीख उलटली. आईने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “सरांना सोडून पाय निघेना गं.” आणि तिला ते खरंच वाटलं होतं. आपल्या त्या निष्ठेचा तिला थोडा अभिमानही होता. पेट्या अजून तिथेच होत्या. रोज ती त्यांना वळसा घालून दार उघडत असे.

“फवारक बसवायला आलो तेव्हा त्या भरलेल्या पेट्या मी पाहिल्या,” सर म्हणत होते. “तू जाणार, याची मला खात्री होती. दर सोमवारी वाट बघायचो, की आज राजीनामा देईल. दोन महिने गेले. मग मी तुझ्यावर बारकाईने लक्ष ठेवू लागलो. तू एकही काम स्वतःहून सुरू करत नव्हतीस. सांगितलेलं मात्र सगळं उत्कृष्ट करत होतीस.”

“मला अडवायला बसवलात तो?”

“छे! पोळ्यासाठीच बसवला, अगदी देवाशपथ.” सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “पण कळल्यावर काढला नाही. तुझ्यासारखे हात मला दुसरीकडे कुठे मिळणार होते?”

पंधरा वर्षं ज्या माणसाला ती देवाच्या जागी मानत आली, त्याने केसाने गळा कापला होता. तोही एवढ्या शांतपणे, की रक्त निघालेलं कळायलाच दोन वर्षं लागली. तिला ओरडावंसं वाटलं. टेबलावरचा पाण्याचा पेला भिरकावावासा वाटला. घसा कोरडा पडला होता आणि पेला हाताशी होता, तरी हात उचलवत नव्हता.

“आणि एवढ्या माणसांतून एकालाही कसं कळलं नाही?” तिने विचारलं.

“कळणार कसं? घरात घरसखी यंत्र सांगतं ऊठ, फोन सांगतो चाल, कार्यालय सांगतं ये, बायको सांगते जेव. गावातली माणसं आधीपासूनच सांगितल्यावर चालत होती. भांडणं मात्र खरंच कमी झाली, हे नगरपरिषदेला फार आवडलंय.” सरांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. “हे लिहायला कुणी सांगितलं?”

“हणमंतरावांनी.”

“तरीच. त्यांच्या वाडीत फवारक नाही. पाठवलंस?”

“नाही.”

“का नाही?”

तिने उत्तर शोधलं. तुमच्या कानावर घालायचं होतं म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण कानावर घालून तर झालं होतं. खरं उत्तर एकच होतं, की पाठव असं तिला कुणी म्हटलं नव्हतं.

“पाणी घे,” सर म्हणाले. तिने पेला उचलला आणि तळापर्यंत प्यायली.

“सर, हे पत्र मला पाठवायचंय,” ती म्हणाली. “मुलं आहेत त्या बालवाड्यांत.”

“मी अजिबात अडवणार नाही,” होनपसर अगदी मायेने म्हणाले. “तुझी मर्जी. घरी जा आता. जाताना दार ओढून घे.”

तिने जाताना दार ओढून घेतलं. हणमंतरावांचं टेबल रिकामं होतं. त्यांना तातडीने माशांच्या चार पेट्या घेऊन डोंगरावरच्या केंद्रावर पाठवल्याचं पहारेकऱ्याने सांगितलं. तिथे फोन लागत नसे.

घरी पोहोचल्यावर घरसखी म्हणाली, “हातपाय धुवा. झाडांना पाणी घाला.” हेमांगीने हातपाय धुतले, झाडांना पाणी घातलं. कढीपत्त्यावर यंदाही पोळं होतं. माशा त्यावर गपगार बसल्या होत्या. शेजारी चौकटीवर फवारक होता आणि त्याची कळ तिच्या खांद्याच्या उंचीवर होती. ती कळ बंद केली असती आणि आठवडा गेला असता, तर ती पूर्वीची हेमांगी झाली असती. पण बंद करण्यालाही सुरुवात करावी लागते. ती कळीकडे बघत उभी राहिली.

“संशोधनशाळेत लिहिलेलं एक पत्र इथल्या संगणकावर उघडं राहिलं आहे,” आतून आवाज आला. “येऊन पाहून घ्या.”

ती आत गेली, खुर्चीत बसली. पत्र समोर होतं आणि पाठवायच्या बटणापासून तिचं बोट बोटभर अंतरावर होतं. घड्याळात चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. उपाशी मेलेल्या त्या एकशे बारा माशांना काय वाटलं असेल, हे आता जगात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग तिला आईची आठवण झाली आणि एकदम धीर आला. कराडला राहणारी आई रोज पावणेपाचला न चुकता फोन करायची. चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेली ती बाई साधं बोलतच नसे. हे कर, ते ठेव, नीट बस, आधी जेव. या हुकूमशाहीला हेमांगी आयुष्यभर वैतागत आली होती. आज ती त्यातल्या एका शब्दासाठी जीव मुठीत धरून बसली होती. आई विचारील, आपण सांगू, आणि आई म्हणेल, मग बघतेस काय, पाठव की!

फोन वाजला. तिने उचलला.

“काय करतेयस?”

“पत्र समोर घेऊन बसलेय.”

“कसलं पत्र? नीट सांग बघू.”

हेमांगीने नीट सांगितलं. माशा, वेसणमाशी, बालवाड्या, दाराआडच्या पेट्या, सगळं. आईने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“पाठवलंस?”

“नाही.”

“पाठवावं असं वाटतंय?”

“हो आई. खूप वाटतंय.” आणि तिला रडू कोसळलं. चार वाजून त्रेपन्न मिनिटं झाली होती.

पलीकडे आईने मोठा सुस्कारा सोडला.

“मघाशी होनपसरांचा फोन येऊन गेला मला. म्हणाले, हेमांगी कामाने फार थकलीय, भलतंसलतं मनात घेऊन बसलीय. तुम्ही तिची आई, तुमचं ती ऐकेल. किती जीव आहे गं त्यांचा तुझ्यावर! तुझ्या बाबांच्या वेळी कसे उभे राहिले ते, विसरलीस?”

“नाही विसरले.”

“मग माझं ऐक. ते पत्र आधी पुसून टाक.”

हेमांगीचं बोट हललं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतःच्या बोटाला मनातल्या मनात शिवी घातली, पण बोटाने आपलं काम केलं.

“टाकलंस?”

“टाकलं.”

“शहाणी गं माझी बाय. आता चहा कर आणि पड जराशी. उठलीस की त्या दाराआडच्या पेट्या रिकाम्या कर, दोन वर्षं नुसती अडचण झालीय. आणि हे बघ हेमा, रडू नकोस. पुरे झालं.”

हेमांगीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. ती चहा करायला उठली.