बावन्न टोपल्या, एक साचा

तेवीस नंबरची टोपली दोन ठिकाणी होती.

एक कुंपणाच्या तिसऱ्या रांगेत, म्हणजे तिच्या जागी. दुसरी पाचव्या रांगेत, जिथे खरं तर एक्केचाळीस नंबर असायला हवा. "तू कोण?" असं चैत्रालीने विचारलं, तर दोघी एका सुरात म्हणाल्या, "मी तेवीस." एक्केचाळीसला हाक मारली तर कोणीच ओ दिली नाही.

चैत्रालीने कपाळावर हात मारून घेतला. सकाळचे साडेसात वाजले होते. नऊपर्यंत वाळू इतकी तापणार होती की अनवाणी पाय ठेववणार नाही.

केतकवाडीच्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालतात. हरचेकरकाका ती अंडी कुंपणात आणून पुरतात आणि कोल्ह्याकुत्र्यांपासून जपायला प्रत्येक खड्ड्यावर टोपली पालथी घालतात. यंदा अकरा वर्षांच्या चैत्रालीने त्या टोपल्या हुशार केल्या होत्या. प्रत्येकीत बोलणारा छोटा संगणक, सेन्सर (ऊन, हालचाल ओळखणारं यंत्र), सावलीची झडप आणि कुलूप. तिने एका टोपलीसाठी प्रोग्रॅम (संगणकाला दिलेल्या सूचना) लिहिला. तो झकास चालला. मग तिने त्याच्या बावन्न नकला केल्या आणि प्रत्येकीत नंबर नि अंडी पुरल्याची तारीख तेवढी बदलली.

त्यातली एक सूचना होती: पन्नासाव्या दिवशी कुलूप उघड. पण यंदा उन्हाळा लवकर पेटला आणि पिल्लं शेहेचाळिसाव्या दिवशीच वर आली. कुठल्या टोपल्यांखाली, ते बाहेरून दिसत नव्हतं. नुसती खसखस ऐकू येत होती. कुलपं उघडेनात. आता ती सूचना बावन्न ठिकाणी बदलायला हवी होती. एकोणीस झाल्या होत्या आणि त्या घाईतच तेवीसची नक्कल एक्केचाळीसवर जाऊन चिकटली होती.

"माझ्या बापाने जन्मभर बांबूच्या टोपल्या वापरल्या," हरचेकरकाका म्हणाले. "हाताने उचलायची, की झालं. आता टोपलीची मनधरणी करायची."

"काका, मी करतेय ना."

"कर गो बाय. तोवर पिल्लांना सांगतो, जरा दम धरा म्हणून."

चैत्रालीला रडू येत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. काकांचा, टोपल्यांचा आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. तेवढ्यात तिचे आजोबा चहाचा थर्मास घेऊन आले. नाना आयुष्यभर समुद्रावर संशोधन केलेले, निवृत्त झाले तरी दुसऱ्याच्या कामात डोकावायची खोड गेली नव्हती. त्यांनी तिच्या लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिलं आणि थर्मास खाली ठेवला.

"बावन्न नकला? अगं, कशाला?"

"टोपल्या बावन्न आहेत म्हणून."

"हरचेकर, या खड्ड्यांवरच्या पाट्या कशा रंगवल्यात?"

"पत्रा कापून साचा केला," काका म्हणाले. "नंबर, तारीख, अंडी किती. रकाने तेच, आतले आकडे वेगळे."

"ऐकलंस? तुझ्याकडे साचाच नाही. नुसत्या पाट्या."

"पण नाना," चैत्राली चिडून म्हणाली, "पत्र्याचा साचा बदलला तरी आधी रंगवलेल्या पाट्या थोड्याच बदलतात?"

नाना पहिल्यांदाच हसले. "इथेच तर गंमत आहे. संगणकातल्या साच्याला क्लास (एका जातीच्या सगळ्या वस्तूंचं वर्णन) म्हणतात. त्यात दोन गोष्टी असतात: वस्तूने कोणती माहिती जपायची आणि कोणती कामं करायची. त्या साच्यातून घडलेली प्रत्येक टोपली म्हणजे एक ऑब्जेक्ट (स्वतःची माहिती असलेली वस्तू). ती स्वतःजवळ फक्त स्वतःचा नंबर आणि तारीख ठेवते. काम कसं करायचं ते पाठ करत नाही, दर वेळी साच्याला विचारते."

"म्हणजे साच्यात एकदा बदललं की..."

"बावन्न जणींना बदललेलंच उत्तर मिळेल. आता माझ्या तोंडाकडे बघू नकोस, लिही."

तिने सगळ्या नकला पुसल्या. मग एक साचा लिहिला. माहिती: नंबर, तारीख. कामं: ऊन मोज, सावली कर. आणि शेवटी: दिवस मोजू नकोस, हालचाल जाणवली की उघड. काका वहीतून वाचत गेले, ती एकेका टोपलीसाठी एकेक ओळ टाकत गेली. भरतीरेषेजवळच्या चार टोपल्यांपाशी ती अडली.

"यांना पाणी आलं की भोंगाही वाजवायचाय. परत वेगळा साचा?"

"छे. याच साच्याची लेक कर. आईचं सगळं तिला आपोआप मिळतं, फक्त भोंगा नवा. याला इन्हेरिटन्स (वारसा) म्हणतात."

साडेआठला तिने बटण दाबलं. "एक्केचाळीस?"

"मी एक्केचाळीस," पाचव्या रांगेतून आवाज आला आणि पाठोपाठ कुलूप उघडलं. मग सात नंबर, मग तीस, मग अडतीस. मूठभरही नसलेली काळपट पिल्लं वाळूवरून पाण्याकडे निघाली. चैत्राली मोजत होती. अडतीसच्या खड्ड्यात दोन पिल्लं हलली नाहीत. काकांनी ती उचलून ओल्या फडक्यावर ठेवली. एकाने थोड्या वेळाने पाय हलवला. दुसऱ्याने नाही.

"माझ्यामुळे," ती म्हणाली.

काकांनी वहीत आकडा लिहिला, पाय हलवलेलं पिल्लू तिच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "बांबूच्या टोपलीखालीही मेलीत गो. बापाने कधी लपवलं नाही, वहीत लिहायचा. जा, याला सोडून ये."

ती लाटेपर्यंत गेली. पिल्लू पाण्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. परतली तेव्हा काका तिच्या खुर्चीत बसून पडद्याकडे डोळे बारीक करून बघत होते.

"पंधराएक वर्षांनी यातलीच एखादी इथे अंडी घालायला येईल," ते म्हणाले. "तेव्हा त्रेपन्नावी टोपली लागली तर किती लिहावं लागेल?"

"एक ओळ."

"मग ती मला शिकव. तू तेव्हा इथे असशील की नाही, कोण जाणे."

चैत्रालीने डोळे पुसले आणि दुसरी खुर्ची ओढली.