जोडीचा घोडा

माणसानं चालताना पायाखाली बघावं, एवढी साधी गोष्ट. पण भंगारवाल्याच्या पाटीतला कसलासा पितळी तुकडा उन्हात धरून बघत तो पोरगा उलट्या पावली सरकत आला आणि थेट भाविकाच्या सुकटीच्या टोपलीत बसला.

बोईसरचा रविवारचा बाजार. किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून सुकं म्हावरं घेऊन आलेल्या भाविकानं अजून माल धड पसरलाही नव्हता, आणि बोहनीला हे गिऱ्हाईक.

"उठा आता," ती म्हणाली. "सुकट हाय ती, गादी नाय."

तो उठला. कान लाल, पँटीला मागून सुकट चिकटलेली, पण तो तुकडा काही हातातून सुटला नव्हता. शेजारी चिंचेचा वाटा लावून बसलेली जमुनाकाकी तोंडाला पदर लावून हसत होती. बिचाऱ्यानं चेपलेली सगळी सुकट घेतली, वर बोंबलांची एक जुडीही घेतली, आणि जाताना दोनदा वळून पाहिलं. टोपलीकडे पाहिलं असेल, असं भाविकानं स्वतःला सांगितलं. जमुनाकाकीनं मात्र तसं काही सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर, पुन्हा बोंबलांची जुडी. त्याच्या पुढच्याही. नाव केतन, घर पालघरला, नोकरी तारापूरच्या एका कारखान्यात, म्हणून सालवडला मिथुन नावाच्या दोस्ताबरोबर खोली घेऊन राहिलेला. उंच, सडपातळ, आणि बोलायला लागला की हातांनाही बोलायला लावणारा. कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं. हा जुन्या काळच्या घोडदळाचे बिल्ले जमवायचा. घोड्यावर बसून लढणारे शिपाई टोपीला, कॉलरला लावायचे ते. कधी त्याच्या खिशातून भाल्यांची फुली निघायची, कधी मुकुट, कधी नुसती टाप. सगळे काळेकुट्ट.

"चिंच लावून घासा की," भाविका एकदा म्हणाली. "बाजूलाच काकी बसलीय."

केतन असा दचकला, जसं काही तिनं पोराला विहिरीत टाकायला सांगितलं. बिल्ला कधी घासायचा नसतो, तो म्हणाला. काळेपणा म्हणजे त्याचं वय. घासला की वय गेलं आणि मोलही गेलं.

"मग तुमी आंघोळ करता का नाय?"

तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालाला खळी पडते, हे भाविकाला त्या दिवशी कळलं. ते विसरायला तिनं संध्याकाळभर बोंबील मोजले आणि तीनदा चुकली.

मग मार्गशीर्ष लागला त्या रविवारी त्यानं कापसात गुंडाळलेला बिल्ला काढला. अंगठ्याएवढा घोडा. पुढचा एक पाय उचललेला, खाली भाल्यांची फुली, तोंड उजवीकडे.

"हे कॉलरचे बिल्ले जोडीनं असतात," केतन म्हणाला. "एक या बाजूला, एक त्या बाजूला, तोंडं एकमेकांकडे. याचा जोडीदार मी किती वर्षं शोधतोय... भंगारात, प्रदर्शनांत, मुंबईच्या दुकानांत. कुठंच नाही."

भाविकाच्या तोंडून निघून गेलं, "आमच्या देव्हाऱ्यात हाय तो."

केतनचा चेहरा असा उजळला, की तिला आपली जीभ चावावीशी वाटली. इतके रविवार तो आला, तिच्याकडे बघून हसला, पण असा उजळला कधीच नव्हता. घोड्यासाठी उजळला. पितळेच्या घोड्यासाठी.

दांडीला त्या घोड्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक. भाविकाच्या पणज्याच्या जाळ्यात मासळीबरोबर तो वर आला. समुद्रातून घोडा येतो, तो दुसऱ्या कुणाचा असणार? खंडोबाचाच. पणज्यानं भंडारा लावून तो देवांत बसवला, आणि तेव्हापासून दर चंपाषष्ठीला घरची बाई देव उतरवून चिंच आणि राखेनं घासायची. घासून घासून त्याचे डोळे गेले होते, आयाळ गेली होती. चमक मात्र अशी, की अंधारात दिवा नको.

चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी केतन दांडीला आला. भाविकाची आय येसूबाई दारातच उभी. सगळ्या किनाऱ्याला तिच्या जिभेचा धाक. तिनं त्याला पायांपासून टाळूपर्यंत पाहिलं आणि विचारलं, आई काय करते, बाप काय करतो, एवढा बारीक का, घरी जेवायला घालत नाहीत का. तो सगळ्याला नीट उत्तरं देत होता. देव्हाऱ्यापुढे गेल्यावर त्यानं आधी हात जोडले, मग डोळे वर केले. घोड्याचं तोंड डावीकडे. खाली झिजलेली, पण भाल्यांचीच फुली.

त्यानं हात मात्र लावला नाही. येसूबाईला ते आवडलं. उद्या देव खाली उतरतील, तेव्हा ये आणि दोघांना शेजारी ठेवून बघ, ती म्हणाली.

निघताना त्यानं कापसाची पुडी भाविकाच्या हातात दिली. "तुमच्याकडे राहू दे. उद्या सोबतच बघू... दोघं."

दोघं म्हणजे घोडे, भाविकानं मनाला बजावलं. पुडी तिनं देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली. घरात त्याहून सुरक्षित जागा कुठली?

सकाळी ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला गेली. येसूबाईनं देव उतरवायला घेतले. फळीवर पुडी दिसली. उघडली, तर आत काळाठिक्कर घोडा. पोरानं देव आणून दिला आणि तोही असा पारोसा, ती पुटपुटली, आणि चिंचेचा गोळा उचलला.

भाविका परतली तेव्हा देव्हाऱ्यात दोन घोडे समोरासमोर उभे होते. दोघेही सोन्यासारखे, दोघांच्या कपाळी भंडारा.

तेवढ्यात केतन आला. तिनं दारातच, मान खाली घालून, सगळं सांगितलं. तो आत गेला. बराच वेळ बघत राहिला.

"लय काला पडलेला तुझा घोडा," येसूबाई अभिमानानं म्हणाली. "मी आंघोळ घातली. आता भंडारा लागला, आता तो देव झाला. देव काय कुनी खिशात घालून नेतो?"

केतननं मान हलवली. प्रसाद घेतला, येसूबाईच्या पाया पडला, दुसऱ्या पाळीला जायचंय म्हणाला आणि गेला. एवढ्या वर्षांचा त्याचा शोध आपल्या घरात संपला, तोही चिंचेच्या पाण्यात. आता तो कशाला येईल? भाविकानं त्या दिवशी नैवेद्याच्या भरीत-भाकरीला हात लावला नाही.

रविवारी ती बाजारात बसली, पण ओरडली नाही. म्हावरं आपोआप खपत नसतं, काकी म्हणाली.

आणि भंगारवाल्याच्या पाटीवरून, आत एकदाही न बघता, केतन सरळ तिच्यापुढे येऊन उकिडवा बसला. मागे मिथुन, नाक मुरडत.

"कशाला आलात?" तिनं विचारलं. "घोडा तर गेला."

"बोंबील घ्यायला."

"दीदी, इसको और मछली मत दो," मिथुन मधेच म्हणाला. "पूरी खिड़की पे लटका के रखा है. खाता एक नहीं, मुझे भी हाथ नहीं लगाने देता."

भाविकानं केतनकडे पाहिलं. त्याचे कान त्या पहिल्या दिवसासारखे लाल झाले होते.

"आमच्या घरी म्हावरं शिजत नाही," तो हळूच म्हणाला. "चार महिने कांदासुद्धा बंद असतो. मी... मी कधी खाल्लंच नाही."

"मग एवढे रविवार काय केलंत त्याचं?"

"टांगून ठेवलं. तुमच्या हातचं होतं ना... टाकवेना."

बाजार चालू होता. कुणीतरी भाव विचारून गेलं. भाविकाला ऐकूच आलं नाही.

"आनि घोडा? राग नाय आला?"

"त्या दिवशी पाळीला जाताना आला होता थोडा," तो खरं बोलला. "मग वाटलं, मी याला जोडीदार मिळावा म्हणूनच हिंडत होतो ना. मिळाला. माझ्या डब्यात असते तर दोघं कापसात झोपले असते. इथं समोरासमोर उभे आहेत." मग पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाला, "भाविका, मी घोड्यासाठी येत नव्हतो. घोड्याचं तर मला नंतर कळलं."

ते खरंच होतं. सुकटीत बसला तेव्हा कुठं होता घोडा? एवढा साधा हिशेब तिनं इतके दिवस मांडला नव्हता, आणि म्हणे दांडीत हुशार पोरगी.

केतननं नेहमीसारखी पिशवी पुढे केली. भाविकानं बोंबलांची जुडी उचलली, परत खाली ठेवली. मग शेजारी हात घालून जमुनाकाकीच्या वाट्यातला चिंचेचा चांगला मोठा गोळा त्याच्या पिशवीत टाकला.

"हे कशाला?"

"जपून ठेव," ती म्हणाली, आणि 'तुमी' कधी गळून पडलं ते तिलाही कळलं नाही. "पुढच्या चंपाषष्ठीला दोन्ही घोडे तू घासायचेस. आयला मी सांगते, तिच्या हाताला आता आराम हाय."

बिल्ला घासायचा म्हटलं की दचकणारा तो पोरगा या वेळी दचकला नाही. डाव्या गालाची खळी पडली, आणि उठता उठता तोल जाऊन तो पुन्हा सुकटीच्या टोपलीत बसला.

या वेळी भाविकानं त्याला ऊठ म्हटलं नाही.